चित्रकाराचा रकाना

सध्या मी राहतो त्या खानदेशातल्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. गेल्या उन्हाळ्यात एका दिवंगत सभासदाच्या मुलांनी घर रिकामे करताना वडिलांची पत्र्याची एक पेटी वाचनालयाला देऊ केली. आत इंद्रजाल कॉमिक्सचे दोनशेच्या आसपास मराठी अंक होते. बहुतेक वेताळाचे, म्हणजे जंगलात राहणाऱ्या ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाचे, काही जादूगार मँड्रेकचे, काही बहादूरचे, वर्षवारीने लावलेले आणि सुतळीने बांधलेले. पेटी घ्यावी की परत पाठवावी यावर कार्यकारिणीत दीड तास चर्चा झाली. सगळे सभ्यपणे बोलले, मुद्देही मांडले. पण त्या दीड तासात सुतळीची गाठ कोणी सोडली नाही आणि एकही अंक उघडला गेला नाही.

चर्चेत तीन तट पडले. ज्येष्ठांचे म्हणणे असे की ही रद्दी आहे. तपासणीला येणारे अधिकारी ग्रंथ मोजतात, पोरांची चित्रांची चोपडी मोजत नाहीत, शिवाय असल्या वाचनाने खऱ्या वाचनाची गोडी मरते. एका तरुण प्राध्यापकांचा आक्षेप अधिक गंभीर होता. काळ्या लोकांच्या जंगलात चारशे वर्षे एका गोऱ्या घराण्याची सत्ता चालते आणि ते लोक तिला देवाची मर्जी मानतात, अशी ही गोष्ट आहे. ती आपण आपल्या मुलांच्या हाती आपणहून का द्यावी? तिसरा तट माझ्या वयाच्या लोकांचा. त्यांच्याकडे युक्तिवाद नव्हता, गहिवर होता. ‘आमचे बालपण आहे हो त्या पेटीत,’ असे एकजण म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझे मत असे की पेटी घ्यावी, पण बालपणाच्या नावावर घेऊ नये. त्या अंकांत एका अव्वल दर्जाच्या रेखाटनकाराचे काम आहे, म्हणून ती घ्यावी आणि त्या कामाची नोंद त्याच्या नावाने करावी. तिन्ही तट वेताळाविषयी भांडले. वेताळ ज्याने काढला त्याचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही, आणि सारा वाद तिथेच भरकटला.

ते नाव साय बॅरी. वेताळाची कल्पना ली फॉक यांची. १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत तो प्रथम अवतरला तेव्हा रे मूर हे त्याचे चित्रकार होते. त्यांच्यानंतर विल्सन मॅकॉय आले. मॅकॉय यांची रेघ साधी, सपाट, जवळजवळ बालबोध. तिचेही चाहते आहेत आणि इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत ती पाहायला मिळते. १९६१ मध्ये मॅकॉय वारले आणि काम न्यूयॉर्कच्या बॅरी यांच्याकडे आले, ते १९९४ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, त्यांच्याकडेच राहिले. आठवड्याचे सहा दिवस रोजची पट्टी आणि रविवारी रंगीत पान. ज्यांनी कधी रोजच्या अंकासाठी काही लिहिले किंवा काढले आहे त्यांना या कामाचा जाच वेगळा सांगायला नको. मुंबईत १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले, १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले, आणि माझ्या पिढीने त्यांत जो वेताळ पाहिला तो बहुतांशी बॅरी यांचा होता. चाळीसगावच्या फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मुंबईहून गठ्ठा उतरायचा. नवा अंक विकत घेण्याची ऐपत वर्गात दोघा-तिघांची, बाकीचे आम्ही स्टेशन रोडच्या एका दुकानातून दिवसाच्या भाड्याने आणायचो. भाड्याच्या अंकाला मुदत असते, म्हणून तो बारकाईने पाहिला जातो. खोबरेल तेल चोळून पारदर्शक केलेल्या कागदावर मी वेताळाचा जबडा किती वेळा गिरवला असेन याची मोजदाद नाही. तेलाचा डाग अंकाला लागला की दुकानदार दंड घ्यायचा.

या चित्रकारापुढची अडचण काय होती हे आधी समजून घेतले पाहिजे. वेताळाला बुबुळे नाहीत. ग्रीक शिल्पांतल्या मस्तकांना बुबुळे नसतात, त्यावरून फॉक यांनी ती कल्पना घेतली होती. मुखवट्यात डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या खाचा आणि बस. मनुष्याच्या चेहऱ्यावरचे सारे भाव ज्या अवयवातून आपण वाचतो तोच काढून घेतला, उरलेले शरीर डोक्यापासून पायापर्यंत एकरंगी घट्ट पोशाखात कोंबले, आणि वर सांगितले की या नायकाला राग येतो, त्याला दया येते, तो थकतो, तो प्रेम करतो, हे सगळे वाचकाला कळले पाहिजे. कसे कळवायचे? बॅरी यांनी ते मानेच्या कलण्यातून, खांद्याच्या उतारातून आणि मुख्यतः हातांतून कळवले. कवटीच्या सिंहासनावर वेताळ नुसता बसलेला असतो तेव्हा त्याच्या बोटांकडे पाहावे; निवांत असला तर ती सिंहासनाच्या हातावर सैल लोंबतात, ऐकत असला तर आत वळू लागतात. मुखवटा काढला की चेहरा हटकून सावलीत जातो किंवा पाठमोरा होतो, आणि ती पाठही बोलते. शहरात तो टोपी, गडद चष्मा आणि चौकटीचा ओव्हरकोट घालून वावरतो. त्या ओव्हरकोटाच्या सुरकुत्यांवरून आत केवढे धिप्पाड अंग आहे हे समजते, वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या स्टेशन रोडला सिनेमाचे फलक आणि ट्रकच्या मागची कमळे रंगवणारे एक पेंटर होते. त्यांनी एकदा माझ्या हातातला अंक घेतला, मुखवट्यावर रंगाने माखलेले बोट ठेवले आणि म्हणाले, ‘डोया नही त्याले, तरी देखी ऱ्हायना देख.’ चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी पुढे दिल्या. वेताळाच्या चित्राविषयी याहून नेमके वाक्य तिथे कोणी मला सांगितले नाही.

आता गहिवरवाल्यांचा हिशेब आधी चुकता करतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे आणि त्यांच्यावर माझा राग अधिक आहे. लहानपणी आवडलेली प्रत्येक गोष्ट जपण्याच्या लायकीची असते असे नाही. लिमलेटच्या गोळ्याही आम्हाला आवडायच्या. ‘आमचे बालपण’ हा युक्तिवाद ज्याचे बालपण त्याच्याबरोबर संपतो. आज दहा वर्षांची असलेली मुलगी त्याला काय म्हणून मान देईल? शिवाय स्मरणरंजन चित्राचे नुकसानच करते, कारण ते चित्राकडे पाहूच देत नाही. चाळीसगावात आमच्या शाळेच्या दिवसांत छायाचित्रकार केकी मूस हयात होते. स्टेशनजवळच्या बंगल्यात ते राहायचे, १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले. मेजावर मांडलेल्या क्षुल्लक वस्तूंतून डोंगर, वादळ आणि हिमवर्षाव उभे करणारे त्यांचे छायाचित्रण आजही त्या वास्तूत पाहता येते. परंतु आम्हा पोरांना, आणि खरे सांगायचे तर बहुतेक गावालाही, त्यांच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक होती: घराबाहेर न पडणारा माणूस. का पडत नाही यावर दंतकथा होत्या, कट्ट्यांवर रंगायच्या. छायाचित्र मात्र कोणी पाहिलेले नव्हते. माणसाची गोष्ट त्याच्या कामापुढे उभी राहिली की काम दिसेनासे होते, हा धडा मला तिथे मिळाला. वेताळाच्या बाबतीत आमचा गहिवर हेच करतो.

पन्नाशी उलटल्यावर मी ते अंक पुन्हा वाचले. कथा पुष्कळ ठिकाणी विरलेल्या वाटल्या; खलनायक एकाच साच्याचे, योगायोग रेल्वेच्या वेळापत्रकासारखे हवे तिथे हजर. चित्रांतही उणे आहे. बॅरी यांच्या स्त्रिया, वेताळाची प्रेयसी डायना पामर धरून, एकाच सुंदर चेहऱ्याला वेगवेगळे केस लावल्यासारख्या दिसतात. काही पट्ट्यांत घाई लपत नाही; मागची जंगले उरकलेली आहेत. हे मान्य केल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. उलट हे दिसू लागले म्हणूनच उरलेले किती पक्के आहे ते समजले. गोष्ट जिथे विरली तिथे रेघ विरलेली नव्हती.

प्राध्यापकांच्या आक्षेपाला मी खोटे म्हणणार नाही. गोष्टीचा सांगाडा वसाहतवादी आहे, यात शंका नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा माणूस किनाऱ्याला लागतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि तेव्हापासून बापामागे मुलगा असे एकवीस पिढ्या तिथल्या काळ्या माणसांचे रक्षण करण्याचा मक्ता त्या घराण्याकडे जातो. ज्यांचे रक्षण होते त्यांना ते नको आहे की हवे, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. बॅरी यांच्याच काळात त्या काल्पनिक देशाला लमांडा लुआगा हा काळा, शिकलेला, निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष मिळाला, आणि सुटाबुटातला लुआगा वेताळाच्या बरोबरीने, त्याच उंचीवरून बोलताना रेखाटलेला आहे; पण तेवढ्याने सांगाडा बदलत नाही, हेही मी मानतो. माझा मतभेद पुढच्या पायरीवर आहे. दोष आहे म्हणून पुरावा फेकून द्यायचा का? ज्या वाचनालयात इंग्रजी अमदानीतली गॅझेटियर सन्मानाने कपाटात आहेत, ज्यांत आपल्याच भिल्लांविषयी साहेबाने काय काय लिहून ठेवले आहे ते वाचून आज मान खाली जाते, त्या वाचनालयात वेताळालाच दार बंद का? गॅझेटियर आपण ठेवतो कारण ते वाचून साहेबाची नजर तपासता येते. मग चित्रातली नजर तपासायची नाही काय?

शिवाय इथला वाचक आणि इथला संपादक मुकाट्याने गिळणारे होते, असे समजणेही चूक आहे. मूळ कथांत त्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते आणि चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग. मुंबईच्या संपादकांनी देशाचे डेंकाली केले आणि सिंगचे सिंगा, कारण ही नावे इथे शेजारपाजारच्या माणसांची होती. वर्तमानपत्री पट्ट्या कापून, पुन्हा मांडून, इथे रंग भरून त्यांची पाने केली गेली. जिथे गरज वाटली तिथे परदेशी मालाला भारतीय कात्री लागली. ही कात्री कुठे चालली आणि कुठे चालायला हवी असून चालली नाही, हा अभ्यासाचा चांगला विषय आहे, आणि त्याला मूळ अंक लागतात. प्राध्यापकांनी तर पेटी सर्वांत आधी मागायला हवी होती.

याहून अडचणीचा एक मुद्दा बैठकीत निघाला नाही, पण तो निघायला हवा होता, म्हणून मीच काढतो. ज्या साय बॅरी यांचे गोडवे मी गातो आहे ते काम त्यांच्या एकट्याचे नव्हते. अनेक वर्षे पेन्सिलीचे मूळ रेखाटन जॉर्ज ओलेसन करायचे. सही मात्र बॅरी यांची पडायची. १९९४ मध्ये बॅरी निवृत्त झाल्यावर तेच ओलेसन उघडपणे चित्रकार म्हणून पुढे आले. मग श्रेय कोणाचे? बॅरी हे मुळात शाईचे कारागीर, म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनावर शाईची अखेरची रेघ ओढणारे होते. त्यांचे भाऊ डॅन बॅरी ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रपट्टी काढायचे, त्यांच्या चित्रांवरही सायनी शाई केलेली आहे. आपण पाहतो ती छपाई शाईची असते. जबड्याखालची ती दाट काळी सावली, दंडावर जाड होत जाऊन मनगटाशी केसासारखी बारीक होणारी ती रेघ, ती बॅरी यांच्या कुंचल्याची आहे. शरीराचा झोक आणि चौकटीची मांडणी यांत ओलेसन यांचा वाटा मोठा आहे. दोघांची नावे घ्यावीत, एवढाच याचा अर्थ. अनेक हात लागले म्हणून कला नव्हे, असे म्हणायचे असेल तर जळगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या अजिंठ्याचे काय करायचे?

अजिंठ्याची गोष्ट या वादात दोन ठिकाणी उपयोगी पडते. पहिले हे की ‘चित्रांतून गोष्ट वाचणे म्हणजे वाचनच नव्हे’ हे ज्येष्ठांचे म्हणणे तिथल्या सतराव्या लेण्यात टिकत नाही. वेस्संतर जातकातला तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. निरोप घेताना, रथात, वनात. चौकटी आखलेल्या नाहीत, खांब आणि खडकच एका प्रसंगाला दुसऱ्यापासून वेगळे करतात, आणि मधले काय घडले ते पाहणाऱ्याने स्वतःच जुळवायचे असते. कॉमिक्सच्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत मूल नेमके हेच करते: पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसरीत माणूस जमिनीवर, ठोसा काढलेलाच नाही, तो वाचणाऱ्याच्या डोक्यात बसतो. याला कल्पनाशक्ती मारणे म्हणायचे? चित्रांची सवय लागलेली काही मुले मजकुराच्या पुस्तकांकडे वळतच नाहीत, हे मीही पाहिले आहे आणि ज्येष्ठांची काळजी खोटी नाही. पण त्या काळजीचा कायदा करायला निघाले की काय होते तेही पाहिलेले बरे. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे सांगणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच अशी आचारसंहिता लादून घेतली की कित्येक चांगले चित्रकार त्या धंद्यातून उठले. पुढे वर्थमची कागदपत्रे तपासली गेली तेव्हा मुलांच्या जबान्या त्याने आपल्या सोयीने फिरवल्याचे उघड झाले. उठलेले चित्रकार काही परत आले नाहीत.

दुसरा उपयोग नोंदीचा. कंपनी सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, आणि भुसावळात ती किती जणांना माहीत आहे हे ज्याने त्याने तपासावे. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून नव्याने नकला करवून घेतल्या. १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. उरल्या त्यांना आपण सरसकट ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ म्हणतो. प्रत्यक्षात त्या काढणारे हात पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या त्यांच्या विद्यार्थ्यांचे होते. त्यांची नावे आज सांगता येतात ती कोणीतरी वेळेवर टिपून ठेवली म्हणून. मूळ भिंती रंगवणाऱ्यांची नावे काळाने पुसली, तिथे इलाज नाही. बॅरी आणि ओलेसन यांची नावे उपलब्ध असताना ती न लिहिणे हा काळाचा दोष कसा ठरेल?

हेच गोविंद ब्राह्मणिया यांच्याबाबत. इंद्रजालची रंगीत मुखपृष्ठे पुष्कळदा त्यांच्या हातची असत. फलाटावरच्या गाड्यावर दोरीला लटकणारा जो वेताळ आम्हाला लांबून खुणावायचा तो बॅरी यांचा नव्हता, ब्राह्मणियांचा होता. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर हा नायक निर्माण केला, दरोडेखोराचा मुलगा, जो दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचे दल उभारतो. त्यालाही रूप दिले ते ब्राह्मणियांनीच. भगवा कुडता आणि खाली जीन्स, असा नायक काढणे त्या काळी धाडसाचे होते. त्याच्या चित्रांतले धुळीचे रस्ते, बाभळी आणि उन्हात पांढरे पडलेले माळ मला कोणी समजावून द्यावे लागले नाहीत. पारोळ्याच्या रस्त्याला एप्रिलमध्ये तेच दिसते. बॅरी यांच्याकडून आम्ही शरीर पाहायला शिकलो असलो तर ऊन पाहायला या माणसाकडून शिकलो. परदेशी नायकाच्या नावाने पेटी परत पाठवणाऱ्यांनी तिच्याबरोबर हेही परत पाठवले असते.

बैठकीत अखेर निर्णय झाला नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि पेटी जिन्याखाली गेली. तिथे वाळवी आहे, म्हणून ग्रंथपालांच्या परवानगीने मी ती दोन विटांवर ठेवली, गठ्ठे सोडले आणि नोंदी करायला बसलो. हे काम वाटले त्याहून अवघड निघाले, कारण कित्येक अंकांवर चित्रकाराचे नावच नाही आणि रेघ पाहून ठरवावे लागते. मॅकॉय आणि बॅरी यांत फसगत होत नाही. बॅरी यांच्या अंकांपुढे मी ओलेसन यांचे नाव सरसकट जोडत नाही, खात्री असेल तिथेच जोडतो. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात कधी कधी बारीक सही सापडते, कधी नेमक्या त्याच जागी टाचणीचा गंज असतो. आजवर एकसष्ट अंक झाले आहेत. ग्रंथपालांनी परवा दाखल नोंदवही समोर ठेवली आणि रकाने दाखवले: दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, शेरा. ‘छापील नमुना आहे,’ ते म्हणाले, ‘नवा रकाना मला काढता येणार नाही.’ म्हणून तूर्त ती नावे मी शेऱ्याच्या रकान्यात लिहितो आहे.